फोड दिसत नाहीत, तरी लागण होते

आपल्या भागात अंगावर पाण्याचे बारीक फोड पट्ट्याने उठले, की 'नागीण झाली' असे म्हणतात. मग कुणी गेरू लावतो, कुणी मांत्रिकाकडे धावतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस दगावतो, ही भीतीही घरभर पसरते. नागिणीविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहायचे आहे ते तिच्याच कुळातल्या, पण निराळ्या आजाराविषयी. याचेही बारीक फोडच उठतात, पण ते जननेंद्रियावर, जांघेत किंवा बसण्याच्या जागी. जागा अशी असल्यामुळे घरात कुणी त्याविषयी बोलत नाही आणि दवाखान्यातही माणूस आधी डोकेदुखीची तक्रार सांगतो, नंतर पाय घुटमळवत मूळ गोष्टीवर येतो. या आजाराला जननेंद्रियांचा हर्पिस म्हणतात.

वर्तमानपत्रात असले विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ पर्यंत चालवले. त्या काळी त्यांना त्यापायी कोर्टाची पायरी चढावी लागली. आता त्याला शंभर वर्षे होत आली, तरी माझ्या दवाखान्यात येणारी माणसे याच विषयावर अजूनही कुजबुजतच बोलतात. कुजबुजीतून ज्ञान पसरत नाही, गैरसमज मात्र पसरतात. म्हणून हा लेख. यातील रुग्णांची ओळख पटू नये, यासाठी तपशील बदलले आहेत.

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "डॉक्टरसाहेब, एकाला असला म्हणजे दुसऱ्याला होणारच का?" उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, होणारच असे नाही, पण होऊ शकतो. आणि तो टाळण्याचे जे उपाय आहेत, त्यांतला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जोडीदाराला खरे सांगणे. असे मी का म्हणतो, ते पुढे पाहू.

आजार काय आहे?

हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे हा आजार होतो. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बहुधा तोंडाच्या भागात राहतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जो फोडांचा पुंजका उठतो, तो याचाच. हा पुष्कळांना लहानपणीच, घरातल्यांच्या लाळेतून मिळालेला असतो आणि त्यात कुणाच्याही चारित्र्याचा संबंध नसतो. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि जननेंद्रियाच्या भागात मुक्काम करतो. मात्र मुखमैथुनातून पहिला प्रकारही खाली जाऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांच्या शरीरात दुसऱ्या प्रकारचा विषाणू होता. म्हणजे त्या वयाच्या दर आठ माणसांत एकाच्या. पहिल्या प्रकाराचा विषाणू तर पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांत होता. तेव्हा हा आजार अमुक एका धंद्याचा, अमुक एका जातीचा किंवा शहरातल्या लोकांचाच, असे समजण्यात अर्थ नाही.

लागण झाल्यावर साधारणपणे २ ते १२ दिवसांत पहिला झटका येतो. आधी त्या जागी चुणचुण, आग किंवा खाज सुटते. मग पाण्याचे बारीक फोड पुंजक्याने उठतात, ते फुटून चट्टे पडतात आणि लघवी लागली की डोळ्यांत पाणी येते. जांघेत अवधान येते, कणकण वाटते, अंग मोडून येते. दोन ते चार आठवड्यांत चट्टे आपोआप भरून येतात आणि माणसाला वाटते, सुटलो.

पण विषाणू गेलेला नसतो. तो मज्जातंतूंच्या वाटेने पाठीच्या कण्याजवळच्या गाठींत जाऊन दडतो आणि जन्मभर तिथेच राहतो. ताप, जागरण, फार ताण, स्त्रियांमध्ये मासिक पाळी, असे काही निमित्त झाले की पुन्हा त्याच वाटेने कातडीवर येतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षी चार-पाच वेळा असे होऊ शकते. पुढचे झटके पहिल्यापेक्षा सौम्य असतात आणि वर्षे जातील तसे ते कमीही होत जातात.

फोड नसतानाही लागण कशी?

फोड असताना संबंध टाळला म्हणजे झाले, असा सर्वांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. फोड किंवा ओला चट्टा असताना लागणीचा धोका सर्वांत जास्त असतो, यात शंका नाही. पण कातडी अगदी स्वच्छ दिसत असतानाही काही दिवस विषाणू तिच्यावर येतो आणि जातो. त्या माणसाला पत्ताही लागत नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या विषाणूचे रुग्ण रोज तपासले गेले. ज्यांना फोडांचा त्रास होत असे, त्यांच्या कातडीवर साधारण दर पाच दिवसांत एक दिवस विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधी फोड आल्याचे आठवतच नव्हते, त्यांच्यातही दर दहा दिवसांत एक दिवस सापडला.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. बहुसंख्य लोकांना आपल्या शरीरात हा विषाणू आहे हेच माहीत नसते. काहींना कधी तरी खाज सुटलेली असते, ती 'उष्णता झाली' म्हणून सोडून दिलेली असते. काहींना जांघेत भेग पडलेली असते, ती बुरशी समजून मलम लावलेले असते. अशा माणसाकडून जोडीदाराला लागण झाली, तर त्याने फसवले असे म्हणता येत नाही. त्यालाच ठाऊक नव्हते.

धोका किती?

आता आकडे. १९९२ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी १४४ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडप्यात एकाला जननेंद्रियांचा हर्पिस होता आणि दुसऱ्याला नव्हता. या जोडप्यांना आजाराची कल्पना होती. सुमारे वर्षभरात १४ जणांना जोडीदाराकडून लागण झाली, म्हणजे दहा जोडप्यांमागे एकाला. नऊ जोडपी वर्षभर एकत्र राहूनही सुटली, हाही त्याचा दुसरा अर्थ आहे.

त्यातली एक गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पुरुषाला आजार होता अशा ६५ जोडप्यांत ११ स्त्रियांना लागण झाली. स्त्रीला आजार होता अशा ७९ जोडप्यांत फक्त ३ पुरुषांना झाली. म्हणजे शंभरी हिशेबाने स्त्रियांत १७, तर पुरुषांत ४. याचे एक कारण शरीररचनेत आहे. स्त्रीच्या जननमार्गाचा नाजूक, ओलसर भाग मोठा असतो आणि विषाणूला शिरायला तिथे जागा जास्त मिळते. आपल्याकडे बोट मात्र आधी बायकोकडे जाते.

आणखी एक. ज्यांच्या बाबतीत लागण नेमकी कोणत्या काळात झाली ते ठरवता आले, अशा १३ जणांपैकी ९ जणांना ती जोडीदाराला काहीही त्रास नसताना झाली होती. वर जे म्हटले, त्याचा हा पुरावा.

सांगितल्याने काय होते?

आता मूळ मुद्दा. २००६ साली अमेरिकेतच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकतीच लागण झालेल्या माणसांना विचारले गेले, की जोडीदाराने तुम्हाला आजाराची कल्पना दिली होती का? ज्यांना कल्पना दिली होती, त्यांना लागण होईपर्यंत मधला काळ साधारण २७० दिवसांचा गेला. ज्यांना दिली नव्हती, त्यांच्या बाबतीत तो अवघा ६० दिवसांचा होता. औषधाची एक गोळीही न घेता हा फरक पडला. कारण उघड आहे. माहीत असलेला माणूस फोडाच्या दिवसांत जपतो, निरोध वापरतो, चुणचुण सुरू झाली की दूर राहतो. माहीत नसलेल्याला जपायचे तरी कशापासून?

माझ्याकडे एक मध्यमवयीन गृहस्थ येत. वर्षातून तीन-चार वेळा फोड उठत. दर वेळी गोळ्या नेत आणि दर वेळी मी विचारी, "घरी सांगितले का?" ते मान खाली घालत. "साहेब, सांगितले तर ती माहेरी निघून जाईल." शेवटी एकदा दोघे मिळून आले. मी त्यांच्यासमोर वहीत चित्र काढून सगळे समजावले. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फोड आले की हे वेगळे झोपायचे, माझ्याशी बोलायचे नाहीत. मला वाटायचे, मीच नकोशी झाले." त्यांना आजाराचा धक्का बसलाच, पण गेली दोन वर्षे मनात साठलेले दुसरे दुःख त्या दिवशी उतरले. सगळ्याच घरांत असे घडेल असे मी म्हणत नाही. रागावणे, रडणे, अबोला हे होणारच. पण लपवलेला आजार एक ना एक दिवस उघडा पडतो आणि तेव्हा आजारापेक्षा लपवणूक जास्त लागते.

'कुणी आणला?'

दवाखान्यात नवरा-बायको आले की हा प्रश्न टळत नाही. त्याचे वैद्यकीय उत्तर असे, की आज फोड आला म्हणजे आज-काल लागण झाली, असे मुळीच नाही. विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहून पहिल्यांदाच फोड आणू शकतो. लग्नाआधीची लागण लग्नानंतर दहा वर्षांनी दिसू शकते. ओठावरच्या पहिल्या प्रकाराची लागण नवरा-बायकोंच्याच संबंधातून खाली होऊ शकते. तेव्हा फोडाकडे पाहून 'तू कुठे गेला होतास' किंवा 'तू काय केलेस' हा निवाडा कुणीच करू शकत नाही. डॉक्टरही नाही, सासू तर नाहीच.

या बाबतीत एका तपासणीविषयी मुद्दाम लिहितो. गर्भपात झाला किंवा दिवस राहत नाहीत म्हणून बाईची 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी करण्याची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे. तीत चार-पाच जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्ये तपासतात आणि त्यांत हर्पिसही असतो. एकदा एका सुनेला घेऊन सासरची मंडळी माझ्याकडे आली. कागदावर हर्पिसपुढे 'पॉझिटिव्ह' छापले होते. कुणीतरी त्यांना सांगितले होते, हा गुप्तरोग आहे. मुलगी कोपऱ्यात उभी होती, तिला कुणी बसायलाही सांगितले नव्हते. मी आधी तिला खुर्ची दिली, मग बाकीच्यांना समजावले, की या चाचणीत पुष्कळदा ओठावरच्या, लहानपणीच्या विषाणूचाच माग लागतो. बहुतेक मोठ्या माणसांचे रक्त तपासले तर ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते, तुमचेही येईल. सासऱ्यांना विचारले, "तुमचे तपासायचे का?" ते हसले आणि विषय तिथेच संपला. पण सगळ्या सुनांच्या वाट्याला असे हसू येत नाही.

म्हणून वाचकांनी लक्षात ठेवावे : एखाद्या स्त्रीचा गर्भपात झाला म्हणून सरसकट टॉर्च करण्याची गरज नसते. काहीही त्रास नसताना हौसेने हर्पिसची रक्ततपासणी करून घेण्याचाही फायदा नाही, कारण ती चुकून 'पॉझिटिव्ह' येण्याचे प्रमाण बरेच असते. निदान करायचे तर फोड ताजा असताना डॉक्टरांना दाखवावा. तोच खरा पुरावा. मोठ्या ठिकाणी फोडातल्या द्रवाची पी.सी.आर. तपासणीही होते.

पुण्याचा धडा

हर्पिसने सहसा जीव जात नाही, मग एवढी काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच राज्यातून मिळाले आहे. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या, पण एच.आय.व्ही.ची लागण नसलेल्या २७३२ जणांचा मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. या लोकांपैकी ४३ टक्के जणांच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या हर्पिसचा माग होता. हे आकडे दवाखान्यात आलेल्यांचे आहेत, सर्वसाधारण लोकांचे नव्हेत. पण पुढचा निष्कर्ष सर्वांनाच लागू आहे. ज्यांना सहा महिन्यांच्या आत हर्पिसची नवी लागण झाली होती, त्यांना एच.आय.व्ही. होण्याचा धोका हर्पिस नसलेल्यांच्या जवळजवळ चौपट होता.

याचे कारण सोपे आहे. चट्टा म्हणजे कातडीच्या भिंतीला पडलेले भगदाड. शिवाय एच.आय.व्ही. ज्या पेशींना धरतो, त्याच पांढऱ्या पेशी तिथे गोळा झालेल्या असतात. म्हणून जननेंद्रियावर चट्टा आलेल्या प्रत्येकाने एच.आय.व्ही.ची आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्ततपासणी करून घ्यावी. गरमीचा चट्टा बहुधा एकच असतो आणि तो दुखत नाही. हर्पिसचे चट्टे पुष्कळ असतात आणि फार दुखतात. पण नजरेवर विसंबून राहू नये. गरमी पेनिसिलीनच्या इंजेक्शनाने बरी होते, ती अंगावर काढण्यात शहाणपण नाही.

बाईमाणसाचे दुखणे

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा एखादा तरी आजार होता, पण त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. त्यांत नुसता हर्पिस नव्हता, सर्वच आजार होते. पण मुद्दा तोच. दुखणे घराघरांत आहे आणि दाखवणारी एखादीच. माझ्या अनुभवात आजही बायका 'अंगावरून जाते' एवढेच सांगून थांबतात. पुरुष डॉक्टरला दाखवायचा संकोच असेल तर सरकारी रुग्णालयातील स्त्री डॉक्टरकडे जावे. पण जावे.

गरोदर स्त्रियांनी तर विशेष काळजी घ्यावी. आईला हा आजार जुना असेल, तर बाळंतपणात बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी असतो, कारण आईची प्रतिद्रव्ये बाळाला मिळालेली असतात. पण आईला पहिलीच लागण शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर हा धोका ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. नवजात बाळाचा हर्पिस मेंदूपर्यंत पोचू शकतो आणि जिवावर बेततो. म्हणून नवऱ्याला हर्पिस असेल आणि बायकोला नसेल, तर शेवटचे तीन महिने संबंध पूर्णपणे टाळावा, मुखमैथुनही टाळावे. बाईला आजार असेल तर नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगावे. सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळ्या देता येतात. कळा सुरू होताना फोड किंवा चट्टा असेल तर सिझेरियन करतात. आणि ओठावर फोड आलेल्या कुणीही, मग ती आजी असो की आत्या, तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये.

उपचार आणि काळजी

विषाणू शरीरातून कायमचा काढून टाकणारे औषध आजवर निघालेले नाही आणि लसही नाही. 'हर्पिस मुळापासून बरा करतो' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. पण झटका आटोक्यात आणणारे चांगले औषध गेल्या चाळीसेक वर्षांपासून आहे. त्याचे नाव असायक्लोव्हिर. फोड आल्यापासून जितक्या लवकर ते सुरू होईल, तितका त्रास लवकर कमी होतो. नुसते मलम फारसे उपयोगी पडत नाही, गोळ्याच घ्याव्या लागतात. दुकानात मिळणारी स्टेरॉईड मिसळलेली 'खाजेची' मलमे तर बिलकूल लावू नयेत, त्यांनी चट्टे चिघळतात.

सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी रंगीत पाकिटांतून औषध देण्याची पद्धत आहे. हर्पिसचे पाकीट लाल रंगाचे असते. त्यात असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या, दिवसातून तीनदा याप्रमाणे ७ दिवसांच्या गोळ्या असतात. औषध आणि समुपदेशन, दोन्ही मोफत असते. जिल्ह्याच्या ठिकाणी या विभागाला 'सुरक्षा क्लिनिक' असेही म्हणतात. पाथरीकरांना परभणीला जाणे अवघड नाही, आणि गावात कुणी ओळखेल ही भीती असलेल्यांना तेच सोयीचे वाटते. कुणाशीच समोरासमोर बोलायचे नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते.

फोड आलेले असताना जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, सैल सुती कपडे घालावेत. लघवीला फार आग होत असेल तर टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसून लघवी करावी. फोडाला हात लागला तर साबणाने हात धुवावेत आणि तो हात डोळ्याला लावू नये.

जोडीदाराला जपण्याचे नियम चार आहेत. एक, चुणचुण सुरू झाल्यापासून चट्टा पूर्ण भरून नवी कातडी येईपर्यंत संबंध टाळावा. दोन, एरवी प्रत्येक वेळी निरोध वापरावा. तो पुरुषाकडून स्त्रीकडे होणारी लागण चांगलीच रोखतो, स्त्रीकडून पुरुषाकडे होणारी त्याहून थोडी कमी. निरोधाने न झाकलेल्या जागेतून लागण होऊ शकते, म्हणून तो शंभर टक्के कवच नाही. तीन, वारंवार त्रास होत असेल किंवा जोडीदाराची फार काळजी वाटत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज गोळी घेता येते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४८४ जोडप्यांपैकी निम्म्या जोडप्यांतील रुग्णांना रोज व्हॅलासायक्लोव्हिर हे औषध दिले. आठ महिन्यांत त्या जोडप्यांपैकी १४ जोडीदारांना लागण झाली, तर औषधाविना राहिलेल्यांत २७ जणांना. म्हणजे धोका जवळजवळ निम्म्यावर आला. आणि चौथा नियम, जोडीदाराला सांगावे. खरे तर हा पहिला, कारण याच्याशिवाय बाकीचे तीन पाळायचे कसे? विनाकारण दूर झोपणारा किंवा अचानक निरोध आणणारा नवरा नुसता संशय वाढवतो.

सांगायचे कसे?

भांडणाच्या भरात, रात्रीच्या वेळी किंवा चारचौघांत सांगू नये. आधी स्वतः डॉक्टरांकडून माहिती नीट समजून घ्यावी. मग निवांत वेळी, थोडक्यात आणि खरे सांगावे : मला हा आजार आहे, तो असा पसरतो, तुला होऊ नये म्हणून मी असे वागणार आहे. समोरच्याला प्रश्न विचारू द्यावेत, रागावू द्यावे. एकट्याने जमत नसेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे यावे. डॉक्टर तुमची गोष्ट बाहेर सांगत नाही, तो आमच्या व्यवसायाचा धर्म आहे. एखाद्या बाईला आपण सांगितले तर घरातून काढतील किंवा मारहाण होईल अशी भीती असेल, तर तिने आधी समुपदेशकाशी बोलावे आणि मगच पाऊल उचलावे.

काही शंका

*एकाच घरातील संडास, टॉवेल, कपडे यांतून होतो का?* नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार वेळ तग धरत नाही. एकत्र जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने जननेंद्रियांचा हर्पिस होत नाही.

*मूल होणार नाही का?* तसे काही नाही. हर्पिसमुळे वांझपण किंवा नपुंसकत्व येत नाही.

*मुलाबाळांत आनुवंशिकतेने उतरतो का?* नाही. धोका फक्त बाळंतपणाच्या वेळचा, आणि तो टाळता येतो.

*यातून गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होतो का?* नाही. तो दुसऱ्या विषाणूमुळे होतो.

*मुलाला हर्पिस आहे, लग्न करावे का?* अवश्य करावे. मात्र मुलीला आधी सांगून. पत्रिका जुळवताना आपण छत्तीस गुण मोजतो, त्यांत हा सदतिसावा धरावा.

*पन्नाशीनंतरही होतो का?* विषाणू वय पाहत नाही. मात्र उतारवयात कमरेच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड आले तर ती बहुधा खरी नागीण असते. तीही मांत्रिकाला नव्हे, पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी एवढेच. हा आजार जन्मभर सोबत राहणारा असला, तरी संसार मोडणारा नाही. संसार मोडतो तो संशयाने आणि लपवाछपवीने. फोडावर गोळी आहे, संशयावर नाही. त्यावर एकच इलाज आहे आणि तो तुमच्याच तोंडात आहे.